हक्क आणि सवलत

इंग्रजीतील 'राइट' आणि 'प्रिव्हिलेज' या शब्दांसाठी आपण मराठीत 'हक्क' आणि 'सवलत' हे शब्द योजतो. रोजच्या बोलण्यात त्यांची सरमिसळ झाली तरी बिघडत नाही. कर्जत-खालापूरच्या डोंगरांत मात्र या दोन शब्दांमधील अंतराने पिढ्यान् पिढ्यांचे जगणे ठरवले.

'राइट'च्या मुळाशी 'सरळ' हा अर्थ आहे. 'प्रिव्हिलेज'च्या लॅटिन मुळाशी एखाद्यापुरता केलेला कायदा. आपले दोन्ही शब्द अरबीतून आले. तिथे 'हक्क' म्हणजे सत्य आणि 'सवलत' म्हणजे सुलभता, सोय. सत्य मान्य करायचे असते. सोय करून दिली जाते, आणि देणारा ती काढूनही घेऊ शकतो.

इंग्रज वनाधिकारी हा भेद नेमका जाणून होते. बेडन-पॉवेल यांचे (बालवीर चळवळीच्या संस्थापकाचे हे सावत्र बंधू) म्हणणे असे की, जंगलाचा वहिवाटीने होत आलेला वापर हा हक्क नव्हे. ती राज्यकर्त्याने चालू दिलेली सवलत होय. ब्रँडिस यांना इतकी टोकाची भूमिका मान्य नव्हती. पण 1878 च्या वन कायद्यावर छाप पडली ती पहिल्या मताची. राखीव वनातील हक्कांचे दावे मांडण्यास किमान तीन महिन्यांची मुदत द्यायची. मुदतीत न मांडलेला हक्क सर्वसाधारणपणे संपुष्टात येई. ज्या ठाकूर-कातकऱ्यांपर्यंत अक्षरच पोचले नव्हते, त्यांना ही मुदत काय कळणार?

कर्जत तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते आणि खालापूर हा त्याचा पेटा. इथला भातशेतकरी ऐनाच्या फांद्या तोडून राब भाजत असे. त्यावाचून रोपे धरत नाहीत, अशी त्याची खात्री होती. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतील जंगलविषयक तक्रारी वाढल्या, तेव्हा सरकारने 1885 मध्ये आयोग नेमला; 1887 मध्ये त्याचा अहवाल आला. त्याच्यापुढे राबाचाही प्रश्न होता. राब हा हक्क की सवलत, या प्रश्नात शेतकऱ्याचे पुढच्या वर्षीचे पीक अडकले होते.

2006 च्या कायद्याच्या नावात वनहक्कांची 'मान्यता' हा शब्द आहे, 'प्रदान' नव्हे. त्याच्या नियमांनी गावातील वडीलधाऱ्यांचा लेखी नोंदवलेला जबाबही पुरावा म्हणून स्वीकारला. जे कधी कागदावर नव्हते, त्याला अखेर कायद्यात जागा मिळाली. तरीही आपण सहज म्हणून जातो, 'सरकारने आदिवासींना जमिनी दिल्या.' कायदा बदलला. आपले क्रियापद अजून 1878 मध्येच आहे.