हाली, कलदार आणि हुंडणावळ : सातमाळा ओलांडणाऱ्या खानदेशी यात्रेकरूचा हिशेब

१/
परदेशात पैसा कोणत्या मार्गाने खर्च केला तर सर्वांत कमी तूट येते, हा प्रश्न विमानप्रवासाच्या युगातला वाटतो. खानदेशाला तो फार जुना आहे. भडगावहून वेरूळच्या घृष्णेश्वराला निघालेल्या यात्रेकरूला शंभर वर्षांपूर्वी समुद्र ओलांडावा लागत नसे. चाळीसगावच्या दक्षिणेचा डोंगर चढला की राज्य बदले, आणि राज्याबरोबर रुपयाही बदले.

२/
भूगोल आधी. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि खानदेश इंग्रजांकडे आला. गिरणाकाठचे भडगाव त्यामुळे इंग्रजी मुलखात. सातमाळ्याच्या, म्हणजे अजिंठ्याच्या डोंगररांगेपलीकडे मात्र हैदराबादच्या निजामाचे राज्य. लोकभाषेत ती ‘मोगलाई’. दिल्लीची मोगल सत्ता संपल्यानंतरही हे नाव कित्येक पिढ्या टिकले.

३/
या मोगलाईत काय काय होते? वेरूळ, औंढा नागनाथ आणि परळी वैजनाथ ही तीर्थक्षेत्रे, नाथांचे पैठण, तुळजापूरची भवानी, आणि अजिंठ्याची लेणी. खानदेशातल्या भाविकाची निम्मी देवस्थाने परमुलखात होती, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती ठरू नये. नवस फेडायचा तर परक्या चलनाशी गाठ अटळ होती.

४/
परंतु ही गाठ निजामापासून सुरू होत नाही. दोनशे वर्षे मागे जाऊ. सतराव्या शतकात सुरतेहून आग्र्याला जाणारा मोठा व्यापारी मार्ग खानदेशातून जाई : नवापूर, नंदुरबार, थाळनेर, चोपडा, बऱ्हाणपूर. फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निये या वाटेने गेला. १६७६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रवासवर्णनात त्याने पैशाच्या वाहतुकीचा चोख हिशेब नोंदवून ठेवला आहे.

५/
त्या काळी पैसा नेण्याचे मार्ग मुख्यतः दोन. पहिला, रोकड बरोबर बाळगणे. यात वरवर खर्च शून्य; पण चांदी जड, वाट लांब आणि लुटारूंचे भय पावलोपावली. दुसरा, हुंडी. एका गावच्या सावकाराकडे पैसे भरायचे, त्याने लिहून दिलेला कागद घ्यायचा आणि दूरच्या गावी त्याच्या आडत्याकडून रक्कम उचलायची. या सेवेचा जो आकार पडे, त्याला मराठीत नेमका शब्द आहे : हुंडणावळ.

६/
ताव्हेर्नियेने सुरतेवरच्या हुंड्यांचे दर दिले आहेत. बऱ्हाणपूरहून अडीच ते तीन टक्के, आग्र्याहून सव्वाचार ते पाच, लाहोरहून सव्वासहापर्यंत आणि ढाक्याहून दहा टक्के. अंतर जितके मोठे आणि वाट जितकी बिकट, तितकी हुंडणावळ जास्त. वाटेवरच्या एखाद्या राजाने अडथळे आणले की दर आणखी चढत.

७/
हे दर महाग वाटतात. मात्र त्यात एक गोष्ट दडलेली होती. व्यापाऱ्याने उचललेल्या रकमेचा माल वाटेत लुटला गेला, तर पैसे पुढे करणाऱ्याची रक्कमही बुडे. म्हणजे या हुंडणावळीत व्याज होते, वाहतूक होती आणि विमाही होता. ‘स्वस्त’ हा शब्द दर पाहून वापरायचा नसतो; त्या दरात काय काय अंतर्भूत आहे, हे पाहून वापरायचा असतो.

८/
हुंडीचे प्रकारही गरजेनुसार. दाखवताच पैसे मिळतात ती दर्शनी. ठरावीक दिवसांनी मिळतात ती मुदती. मूळ कागद गहाळ झाला तर दुसरी प्रत मिळे, तिला पेठ म्हणत. तीही हरवली तर तिसरी, परपेठ. कार्ड हरवल्यावर नवे मागवण्याची सोय आपल्याला आधुनिक वाटते, पण तिची पूर्वज ही परपेठच.

९/
हुंडीची मर्यादा मात्र एकच आणि जीवघेणी होती. ती विश्वासावर चाले आणि विश्वास शांततेवर. १७६० मध्ये सदाशिवरावभाऊ दिल्लीत असताना दक्षिणेतून व इतर मुलखांतून पैसा वेळेवर पोहोचेना. अखेर लाल किल्ल्यातील दिवाण-ई-खासचे चांदीचे छत उतरवून त्याचे रुपये पाडावे लागले. सुमारे नऊ लाख निघाले. पैसा कुठेतरी असणे आणि तो हाताशी असणे यांत किती अंतर असते, हे त्या छताने दाखवून दिले.

१०/
रोकड बरोबर नेली तरी सुटका नव्हती. पुण्याकडे अंकुशी रुपया, नाशिक-खानदेशाकडे चांदवड टांकसाळीचा चांदवडी, गुजरातेत आणखी निराळे. प्रत्येकाचे वजन व कस वेगळे, म्हणून प्रत्येकावर बट्टा. नाणे जुने झाले, झिजले तरी बट्टा. गाव बदलले की सराफापुढे बसून आपल्याच पैशाची किंमत नव्याने ऐकून घ्यावी लागे.

११/
कंपनी सरकारने १८३५ च्या कायद्याने आपल्या मुलखासाठी एकच रुपया ठरवला : वजन १८० ग्रेन, त्यातील अकरा-बारांश भाग शुद्ध चांदी. तो यंत्रावर पाडलेला, म्हणून ‘कलदार’. कल म्हणजे यंत्र. खानदेशाचा चलनगोंधळ हळूहळू मिटला. डोंगरापलीकडे मात्र निजामाची टांकसाळ चालूच राहिली. १८५७ च्या उठावानंतर तेथील नाण्यांवरून मोगल बादशहाचे नाव गेले आणि ‘हाली सिक्का’, म्हणजे चालू नाणे, रूढ झाला. विसाव्या शतकाच्या आरंभी त्यावर चारमिनार अवतरला.

१२/
आता मुख्य हिशेब. सरकारी मान्यतेचा भाव होता सहा कलदारांस सात हाली. म्हणजे एका कलदारास एक रुपया दोन आणे आठ पै हाली; शंभर कलदारांस ११६ रुपये १० आणे ८ पै. शाळेत त्रैराशिक शिकलेल्यालाही बाजारात उभ्या उभ्या हा गुणाकार अवघड जावा, असाच हा आकडा.

१३/
भाव सात-सहाच का? उत्तर धातूत आहे. कलदार सुमारे ११.६६ ग्रॅमचा, त्यात ९१.७ टक्के चांदी. हाली सुमारे ११.१८ ग्रॅमचा, त्यात ८१.८ टक्के. शुद्ध चांदी काढली तर एकात १०.७ ग्रॅमच्या आसपास, दुसऱ्यात ९.१५. या दोहोंचे गुणोत्तर जवळजवळ नेमके सातास सहा येते. दोन सरकारांच्या करारामागे सोनाराचा तराजू उभा होता.

१४/
समजा, भडगावचा एक शेतकरी तीस कलदार कनवटीला लावून वेरूळ-पैठणच्या यात्रेस निघाला. खऱ्या भावाने त्याला पस्तीस हाली मिळायला हवेत. त्याच्यापुढे तीन मार्ग होते.

पहिला : काहीच न बदलता दुकानात कलदारच द्यायचा. दुकानदाराने ‘रुपयास रुपया’ धरला तर तीसच्या मालास तीस कलदार गेले; पाच हाली बुडाले. सातवा हिस्सा, म्हणजे चौदा टक्क्यांहून अधिक.

१५/
दुसरा : सराफाकडे बदलायचे. सराफाने ‘पै कोण मोजतो’ म्हणत एका कलदारास एक रुपया दोन आणे दिले, तर तीस कलदारांचे ३३ रुपये १२ आणे झाले. सव्वा रुपया गेला. साडेतीन टक्क्यांच्या आसपास. तरीही पहिल्यापेक्षा हा मार्ग कितीतरी स्वस्त.

१६/
तिसरा : सारेच्या सारे बदलून निर्धास्त व्हायचे. यात फसगत परतीच्या वाटेवर होई. चौदा हाली उरले, तर त्यांचे बारा कलदार व्हायला हवेत. सराफाने अकराच दिले, तर एक रुपया गेला. भडगावच्या बाजारात चारमिनारचे नाणे घेऊन करायचे काय? म्हणून शहाणपण एवढेच : लागेल तेवढेच बदलावे, एकापेक्षा अधिक सराफांना विचारावे आणि पै सोडू नये.

१७/
या तुटीचा भार सर्वांवर सारखा नव्हता. कापसाच्या मोठ्या व्यापाऱ्याची दोन्ही मुलखांत पेढी; त्याचे देणेघेणे हुंडीने वहीतच मिटे. ज्याला लिहितावाचता येत नव्हते, ज्याची रक्कम लहान होती आणि ज्याला घाई होती, त्याच्याच खिशातून आठ-आठ पै गळत. शिवाय सीमेवर करोडगिरी, म्हणजे जकातीचा नाका होताच. चलनाची सरहद्द नकाशावर एक रेघ असते. गरिबाला ती प्रत्येक व्यवहारात ओलांडावी लागते.

१८/
पहिल्या महायुद्धात चांदीची टंचाई झाली आणि १९१८ पासून हैदराबादने कागदी नोटाही काढल्या. त्यांवर उर्दूबरोबरच मराठी, तेलुगू व कन्नड अक्षरे होती. अनोळखी राज्याची नोट, पण अक्षर ओळखीचे! अजिंठ्याची लेणी पाहण्यास पाचोरा-जामनेर छोट्या रेल्वेने पहूरपर्यंत येणारा पाहुणा इंग्रजी मुलखात उतरे आणि फर्दापूरला पोहोचेपर्यंत निजामी मुलखात शिरलेला असे.

१९/
१९४७ नंतर हा हिशेब साधा राहिला नाही. स्वतंत्र भारताशी निजामाने नोव्हेंबरमध्ये ‘जैसे थे’ करार केला. पण त्याच सुमारास वटहुकूम काढून भारतीय चलन राज्यात अवैध ठरवले. कालपर्यंत केवळ बट्ट्याचा असलेला प्रश्न आता सार्वभौमत्वाचा झाला. रझाकारांच्या दहशतीने मराठवाड्यातील अनेक कुटुंबे सीमा ओलांडून शेजारच्या मुलखात आली. घाईत निघालेल्या माणसाच्या गाठोड्यातील हाली रुपयाला अशा वेळी काय भाव मिळत असेल, याची कल्पना करता येते.

२०/
सप्टेंबर १९४८ मधील पोलीस कारवाईने निजामी राज्य संपले. हाली मात्र लगेच संपली नाही. १९५० मध्ये भारतीय रुपया हैदराबाद राज्यात आला, तोही त्याच सात-सहाच्या भावाने. दोन्ही चलने शेजारी शेजारी फिरत राहिली आणि १९५९ मध्ये हाली व्यवहारातून कायमची गेली. राज्य पाच दिवसांत गेले. त्याचे नाणे जायला आणखी दशक लागले.

२१/
आज भडगावचा तरुण दुबईला किंवा सिंगापूरला जातो. बाहेरच्या खर्चावर अनेक बँकांची कार्डे दोन ते साडेतीन टक्के जादा आकारतात. बऱ्हाणपूरच्या हुंडणावळीच्या पंगतीत बसणारा हा दर आहे, आणि त्यात वाटेतल्या लुटीची हमी नाही. दुकानातील यंत्र नम्रपणे विचारते, ‘रुपयांत द्यायचे की येथील चलनात?’ रुपये निवडले की भाव ठरवण्याचा अधिकार समोरच्याकडे जातो आणि बहुधा तूट वाढते. ‘पै कोण मोजतो’ म्हणणारा सराफ आता यंत्रात बसला आहे, इतकेच.

२२/
तीनशे वर्षांतील धडा लहान आहे. पैसा हलवण्याची किंमत नेहमी असते. ती कधी उघड सांगितली जाते, कधी भावात लपवली जाते. उघड सांगितलेली बहुधा स्वस्त पडते. आणि घरातल्या जुन्या डब्यात चारमिनारचे एखादे काळवंडलेले नाणे सापडले, तर ते केवळ चांदी म्हणून मोडीत घालू नये. कोणाच्या तरी पणजीने सातमाळा ओलांडून केलेल्या यात्रेची ती उरलेली मोड असू शकेल. घरातील वडीलधाऱ्यांना एकदा विचारून पाहावे : हाली म्हणजे काय?