शाळेचे मैदान आणि मुंबईची वाट

दक्षिण कोकणातील एखाद्या हायस्कुलाचा इतिहास लिहावयास बसले, की प्रथम देणगीदारांची नामावली, मग हेडमास्तरांची परंपरा, मग मॅट्रिकचे निकाल, अशी मांडणी आपोआपच होऊ लागते. खेळांचा उल्लेख यावयाचा तो अगदी शेवटी, आणि तोही एखाद्या वाक्यात उरकलेला. आम्हांस ही रीत उलटी वाटते. मालवणच्या किनाऱ्यावरील शाळा कशासाठी निघाल्या आणि त्यांनी काय घडविले, हे त्यांच्या मैदानांवरून जितके कळते तितके निकालपत्रांवरून कळत नाही.

मुळात या मुलखात मैदान ही वस्तूच दुर्मिळ. एका अंगास समुद्र, दुसऱ्या अंगास सह्याद्री, आणि मधली भूमी सारी टेकड्यांची व खाड्यांची. चार हात सपाट जागा सापडली तर तीत भात पेरावयाचे. वर सडा मोकळा असतो खरा. पण तो जांभ्याचा, आणि त्यावर एकदा पडलेल्या गड्याचा गुडघा पुढे महिनाभर त्याची साक्ष देत राहतो. त्यातच जूनपासून सप्टेंबरपर्यंत पावसाचे राज्य. त्यामुळे येथील खेळाचा हंगाम शाळेच्या वेळापत्रकाने कधी ठरलाच नाही. तो शेताच्या पंचांगाने ठरला. भात कापून झाले, मळे सुकले, की पोरे तेथे धावली. एरव्ही ओहोटी लागली की वाळूवर. नारळाच्या झावळाचे रुंद बूड तासले की बॅट तयार. हुतुतू आणि आट्यापाट्या यांस तेवढेही साहित्य नको. रेघा ओढण्यास पायाची टाच पुरे. आट्यापाट्यांत साऱ्या पाट्या ओलांडून परत फिरलेला गडी 'लोण' म्हणून ओरडतो. या शब्दाचे नाते मिठाशी जोडणारे लोक आहेत. व्युत्पत्ती खरी असो वा नसो, मिठागरांच्या या किनाऱ्यावर ती आम्हांस तरी खारट लागत नाही!

आता शाळांकडे वळू. १८५४ च्या वुडच्या खलित्यानंतर खाजगी शाळांस सरकारी अनुदान मिळू लागले, आणि १८५७ साली मुंबई विद्यापीठ निघाल्यावर मॅट्रिक हे नोकरीचे महाद्वार ठरले. आजचा सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ सालचा. त्यापूर्वी मालवण व वेंगुर्ले हे रत्नागिरी जिल्ह्याचे तालुके होते. सावंतवाडी तर स्वराज्यप्राप्तीपर्यंत निराळे संस्थान होते. सरकारी हायस्कूल जिल्ह्याच्या ठाण्यी, रत्नागिरीस. खालच्या तालुक्यांनी आपली सोय आपणच पाहावयाची, आणि ती त्यांनी पाहिली ती मुंबईच्या पैशावर. मालवणच्या टोपीवाला हायस्कुलास ज्यांचे नाव आहे ते अनंत शिवाजी देसाई कुडाळ तालुक्यातील वालावलचे. मुंबईत टोप्यांच्या व्यापारावर त्यांनी वैभव मिळविले व तेच आडनावही झाले. मुंबईच्या नॅशनल मेडिकल कॉलेजास टोपीवाला हे नाव मिळाले तेही याच घराण्याच्या दानामुळे. मालवणातच भंडारी समाजाच्या शिक्षणसंस्थेनेही आपले हायस्कूल उभारले. ज्या गावास पैसा मुंबईहून आला, त्या गावाने त्याची फेड मुलांच्या रूपाने केली. कारकून, मास्तर, गिरणीतला बाबू, आगबोटीवरचा खलाशी: मॅट्रिक झालेला आणि न झालेला दोघेही अखेर एकाच धक्क्यावर उभे राहत आणि मुंबईची बोट पकडीत.

अशा शाळेत मैदानाचा तास गेला तर कोणास वाईट वाटणार? पोर इंग्रजीत नापास झाले तर घरी सुतक. हुतुतूत हरले तर कोणी विचारीत नसे. मास्तरांनाही फार दोष देता येत नाही. वि. स. खांडेकरांसारखा माणूस १९२० साली शिरोड्याच्या शाळेत आला आणि तुटपुंज्या प्राप्तीवर अठरा वर्षे तेथे राहिला. पण १९३८ साली त्यांनीही कोल्हापूरची वाट धरली.

तरी वारे बदलत होते. देशी खेळांस नियम बांधून देण्याचे काम पुण्यात डेक्कन जिमखान्याने हाती घेतले. १९३६ साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळी आपले देशी खेळ जगास दाखविले. पुढील वर्षी मुंबई इलाख्यात बाळासाहेब खेर यांचे मंत्रिमंडळ आले. खेर जन्माने रत्नागिरीचे. त्यांच्या कारकीर्दीत स्वामी कुवलयानंदांच्या अध्यक्षतेखाली शारीरिक शिक्षणाची समिती नेमली गेली, आणि १९३८ साली कांदिवलीस शिक्षक तयार करणारी संस्था निघाली. कवाईत मास्तराच्या शिटीस शाळेत मान मिळू लागला तो येथून. टाचेने ओढलेल्या रेघेच्या जागी चुन्याची फक्की आली, आणि गावचा भांडखोर हुतुतू पंचाचे ऐकू लागला. यात काही हरवलेही असेल. आम्हांस मात्र लाभच अधिक दिसतो.

परंतु या किनाऱ्याचा सर्वांत नामांकित क्रीडाशिक्षक येथील कोणत्याच मैदानावर घडला नाही. रमाकांत विठ्ठल आचरेकर यांचा जन्म १९३२ साली मालवणात झाला. क्रिकेट ते खेळले, शिकले आणि शिकविले ते मुंबईत. शिवाजी पार्कवर त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी या दोन शाळकरी पोरांनी फेब्रुवारी १९८८ मध्ये हॅरिस शील्डच्या सामन्यात शारदाश्रमातर्फे ६६४ धावांची अभेद्य भागीदारी केली. तेंडुलकर ३२६, कांबळी ३४९, दोघेही नाबाद. तेंडुलकरांस वांद्र्याची शाळा सोडून दादरच्या शारदाश्रमात जाण्याचा सल्ला आचरेकरांचाच होता, कारण तेथे क्रिकेट होते. मालवणातून मूल शिक्षणासाठी, पोटासाठी गाव सोडी. मुंबईत खेळासाठी शाळा सोडता येत असे. हा फरक बुद्धीचा नव्हे, अंगच्या गुणाचाही नव्हे. तो मैदानांचा, शील्डांचा आणि शनिवार-रविवारी पंच म्हणून उभे राहणाऱ्या माणसांचा आहे. १९९० साली आचरेकरांस द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला, २०१० साली पद्मश्री; २०१९ च्या जानेवारीत ते मुंबईतच वारले.

रेल्वे १९९८ पासून धावते आहे, त्यामुळे जाणे अधिकच सोपे झाले. दहावीच्या निकालांत कोकण मंडळ २०१२ पासून राज्यात पहिले येत आहे, आणि त्याचा आनंद आम्हांसही आहे. पण त्याच गावांतून कित्येक शाळांचा पट वर्षागणिक आटत चालला आहे. हुतुतूचे दोन संघ उभे करावयाचे तर दोन वर्ग एकत्र करावे लागतात.

मे महिन्यात मात्र शाळेला कुलूप असते आणि चाकरमानी कुटुंबासह गावी आलेले असतात. तेव्हा संध्याकाळी मळ्यात गाववाले विरुद्ध मुंबईकर असा सामना रंगतो. मुंबईकरांची मुले पायांत बूट घालून येतात, गाववाल्यांची अनवाणी असतात. चेंडू कुंपणापलीकडे आंब्याखाली गेला, की आणावयास दोन्हीकडची मिळून धावतात.