जखम भरली, आग विझेना

१/ जुलै १८६३. गेटिसबर्गची लढाई संपली आणि अमेरिकी यादवी युद्धातील जखमींचे लोंढे फिलाडेल्फियाच्या इस्पितळांत येऊ लागले. त्यांच्यातील काहींचे दुखणे विलक्षण होते : जखम भरत आली, तरी वेदना वाढतच होती.

२/ त्या काळच्या रायफलींतून सुटणारी मऊ शिशाची गोळी मांस आणि हाडांसोबत मज्जातंतूही फाडीत असे. अशा रुग्णांसाठी टर्नर्स लेन येथे स्वतंत्र इस्पितळ होते. सायलस विअर मिचेल, जॉर्ज मोरहाउस आणि विल्यम कीन हे तेथील डॉक्टर.

३/ गोळी दंडाला लागलेली, आग मात्र तळहातात. त्वचा लालसर, तुकतुकीत. वर्तमानपत्राची सळसळ किंवा खोलीतील कुणाचे पाऊलही असह्य होई. शिपाई हात सतत ओल्या फडक्यात ठेवीत; पायाची आग होणारे बुटात पाणी ओतीत.

४/ हे सोंग तर नव्हे? युद्ध टाळण्यासाठी आजारी पडणारे शिपाईही होतेच. याच तिघांनी १८६४ मध्ये अशी सोंगे ओळखण्यावर निबंध लिहिला. त्याच वर्षी मज्जातंतूंच्या जखमांवर ग्रंथ लिहून त्यांनी ही आग खरी असल्याचे नोंदवले. सोंग पारखणाऱ्यांनीच दिलेली ही साक्ष होती.

५/ १८६७ मध्ये मिचेलने या वेदनेला ‘कॉसाल्जिया’ हे नाव दिले. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ ‘जळती वेदना’.

६/ उपचार? त्वचेखाली टोचण्याची सुई तेव्हा नवीनच होती. या इस्पितळात एका वर्षात मॉर्फिनची ४०,००० हून अधिक इंजेक्शने दिली गेली. तात्पुरता आराम पडे. मूळ दुखणे तसेच राही.

७/ पहिल्या महायुद्धात फ्रेंच शल्यविशारद रने लरीश याने धमनीभोवतीच्या मज्जातंतूंवर शस्त्रक्रिया करून पाहिली. १९६५ मध्ये मेल्झॅक आणि वॉल यांनी मांडले, की मज्जारज्जूत वेदनेचे जणू एक दार असते. ते कमी-अधिक उघडते. वेदना जखमेच्या मापाने मोजता येत नाही, हे त्यातून स्पष्ट झाले.

८/ म्हणूनच आज मज्जातंतूंच्या वेदनेवर अपस्मार आणि नैराश्यावरील काही औषधे दिली जातात. ती मज्जासंस्थेतील संदेशांची तीव्रता कमी करतात. सर्वांनाच पूर्ण आराम पडतो असे नाही. मात्र या उपचारांची पहिली पायरी टर्नर्स लेनमध्येच घातली गेली : दिसत नसलेल्या वेदनेवर विश्वास ठेवणे.