समाह्वय : महालक्ष्मीचे घोडे, वर्ध्याचे बैल आणि अंदाजाची विद्या

मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात जुगाराचे दोन प्रकार सांगितले आहेत. फाशांसारख्या निर्जीव वस्तूंनी जो खेळला जातो ते 'द्यूत'. आणि सजीव प्राण्यांना झुंजवून वा पळवून ज्यावर पण लावला जातो तो 'समाह्वय'. मनूने राजाला दोहोंचा बंदोबस्त करण्यास सांगितले. याज्ञवल्क्यस्मृतीने मात्र राजाच्या देखरेखीखाली आणि राजाचा वाटा चुकता करून ते चालू देण्याची वाट मोकळी ठेवली. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात तर द्यूताध्यक्ष नावाचा अधिकारीच नेमला आहे आणि जिंकणाऱ्याकडून शेकडा पाच घेण्याची तरतूद आहे. निषेध आणि नियमन या दोन भूमिकांमधला झोका तेव्हापासून आजवर थांबलेला नाही.

'समाह्वय' हा शब्द मराठीत रुळला नाही. आपल्याकडे 'शर्यत' आली ती अरबीतून, आणि तिच्या मुळाशी 'अट' हा अर्थ आहे. 'पैज' आली ती 'प्रतिज्ञा' या संस्कृत शब्दावरून. दोन्ही शब्द माणसामाणसांतल्या व्यवहाराचे आहेत. जो पळतो त्या प्राण्याचा मागमूस त्यांत नाही. या लेखाला ज्या प्रश्नाचा विचार करायचा आहे तो इथूनच निघतो. पळण्याआधी कोण जिंकेल हे सांगणे ही विद्या आहे की नशिबाची परीक्षा? आणि विद्या असेल तर ती नेमकी कशाची? या प्रश्नाची महाराष्ट्रातली दोन टोके पाहता येतात. एक मुंबईच्या महालक्ष्मीचे, जिथे घोडे पळतात; दुसरे वर्धा जिल्ह्यातल्या समुद्रपूर-हिंगणघाटच्या कापूसपट्ट्याचे आणि एकंदर विदर्भाचे, जिथे शंकरपटात बैलांच्या जोड्या पळतात.

महालक्ष्मीचे मैदान १८८३ सालचे. त्याआधी मुंबईच्या शर्यती भायखळ्याला होत. इंग्रज अधिकारी, पारशी धनिक आणि संस्थानिक या तिघांच्या आश्रयाने हा खेळ इथे वाढला. १९४३ साली पहिली इंडियन डर्बी झाली ती बडोद्याच्या महाराजांच्या 'प्रिन्सेस ब्यूटिफुल' या घोडीने जिंकली. पावसाळ्यात पुणे आणि हिवाळ्यात मुंबई असा शर्यतींचा हंगाम ठरून गेला आणि त्याच्याबरोबर एक छापील वाङ्मयही वाढले. रेसची चोपडी म्हणजे हे वाङ्मय. दिवसाच्या सहा-सात शर्यती, प्रत्येकीत धावणारे घोडे, त्यांचे आईबाप, वय, ट्रेनर, जॉकी, पाठीवरचे वजन, मागच्या धावांचे निकाल आणि पहाटेच्या सरावात घेतलेल्या वेळा हे सारे तिच्यात बारीक टायपात दाटीवाटीने छापलेले असते. शनिवार-रविवारी ही चोपडी पेन्सिलीने खुणा करत वाचणारा वाचक हा, तिरकस वाटले तरी, गंभीर वाचकच म्हटला पाहिजे. त्याला संदर्भ जुळवावे लागतात, विसंगती शोधावी लागते, जे छापलेले नाही त्याचाही तर्क करावा लागतो. मागच्या वेळी पाचवा आलेला घोडा लांबच्या अंतरावर पाचवा आला होता का? त्या दिवशी मैदान ओले होते का? आज जॉकी बदलला आहे तो का?

या वाचनाला एक प्रतिस्पर्धीही असतो. ज्या शर्यतींत हँडिकॅप असतो तिथे चांगल्या घोड्याच्या पाठीवर जास्त वजन आणि सामान्य घोड्याच्या पाठीवर कमी वजन दिले जाते. हे वजन ठरवणाऱ्या अधिकाऱ्याचे ध्येय असे की सगळे घोडे एकाच वेळी अंतिम रेषेवर यावेत. म्हणजे त्यानेही प्रत्येक घोड्याचा अंदाज बांधलेलाच असतो. चोपडीचा वाचक शोधत असतो तो त्या अधिकृत अंदाजातली चूक. त्यात पुन्हा बुकीचे भाव असतात. भाव म्हणजे इतर सर्वांच्या अंदाजांची पैशातली बेरीज. म्हणून जिंकणारा घोडा ओळखणे पुरेसे नसते. इतरांनी ज्याची किंमत कमी लावली तो ओळखावा लागतो. महालक्ष्मीची विद्या अशी मजकुराची आणि मजकुरावरच्या भाष्याची विद्या आहे.

कायद्याने तिला मान दिला तो याच मुद्द्यावर. मुंबई इलाख्याच्या १८८७ च्या जुगारबंदी कायद्यातून परवानाधारक मैदानावरच्या घोड्यांच्या पैजांना सूट मिळाली आणि असे परवाने देण्यासाठी १९१२ साली स्वतंत्र कायदा झाला. वर्धा तेव्हा मुंबई इलाख्यात नव्हते. १८६२ साली नागपुरातून वेगळा काढलेला हा जिल्हा मध्य प्रांतात होता आणि तिथे १८६७ चा सार्वजनिक जुगार कायदा लागू होता. त्याच्या बाराव्या कलमात निव्वळ कौशल्याच्या खेळांना वगळले होते. कौशल्य की नशीब, ही कसोटी अशी दीडशे वर्षांहून जुनी आहे. १९५७ साली चमारबागवाला खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे वृत्तपत्री बक्षीस-स्पर्धांचा प्रश्न आला, तेव्हा ज्या स्पर्धेतले यश बव्हंशी कौशल्यावर अवलंबून असते ती जुगार नव्हे, ही भूमिका पक्की झाली. १९९६ साली लक्ष्मणन खटल्यात, मद्रासच्या रेस क्लबच्या संदर्भात, त्याच न्यायालयाने घोड्यांच्या शर्यतीला प्रामुख्याने कौशल्याचा खेळ ठरवले. घोड्याची वंशावळ, त्याला मिळालेले शिक्षण, जॉकीचे कसब हे सारे अभ्यासता येते. म्हणून पैज लावणाऱ्याचा अंदाज हा आंधळा कौल नसतो, असा त्या विचाराचा रोख आहे.

इथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. न्यायालयापुढे जे कौशल्य सिद्ध करता आले त्याच्या पाठीशी छापील पुरावा होता. चोपडी होती, वंशावळीचे ग्रंथ होते, वर्षानुवर्षांचे निकाल होते. जी विद्या लिहिलेली नाही तिचे काय?

तिच्यासाठी दुसऱ्या टोकाकडे वळले पाहिजे. समुद्रपूर हे वर्धा जिल्ह्याच्या आग्नेय भागातले तालुक्याचे गाव. भोवती कापूस, सोयाबीन, तूर आणि काळी जमीन. या जिल्ह्याचा बैल म्हणजे गवळाऊ. विशेषतः आर्वी, आष्टी, कारंजा या पट्ट्यात नंदगवळ्यांनी तो जपला. अंगाने हलका, रंगाने पांढरा, पायाने चपळ. मराठ्यांच्या फौजांनी गोंडवनाच्या डोंगराळ मुलखात वेगवान वाहतुकीसाठी या जातीची निपज वाढवली, असे परंपरेने सांगितले जाते. मोटारी येण्यापूर्वी विदर्भातले खातेदार रेंगीला अशीच पळणारी जोडी जुंपून प्रवास करत. ओझे ओढणारा बैल आणि पळणारा बैल हे दोन वेगळे गुण आहेत, हे इथल्या शेतकऱ्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते.

सुगी उरकली की हिवाळ्यात पट भरतात. वर्धा नदीपलीकडे, अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरचा शंकरपट सर्वांत गाजलेला. भंडारा जिल्ह्यात लाखनीचाही तसाच नावाजलेला. सरळ आखलेली धाव, हलका छकडा, बैलांची जोडी आणि तिला हाकणारा धुरकरी. तळेगावसारख्या पटात एकेक जोडी सुटते आणि तिची लढत घड्याळाशी असते. सेकंदाच्या लहानशा अंशावर क्रम ठरतो. तळेगावला बायकांचाही पट होतो. वेदांच्या अभ्यासकांना इथे ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातले मुद्गलाचे सूक्त आठवावे. त्यात मुद्गलानी रथ हाकते आणि रथाला बैल जुंपलेला आहे. ती शर्यत होती की गोधनासाठीची लढाई, यावर विद्वानांत मतभेद आहेत. पण बैल, वेग आणि लगाम धरणारी स्त्री हे चित्र त्यात निःसंशय आहे. वाजपेय यज्ञातली सतरा रथांची धाव मात्र याच्या अगदी उलट. तिथे यजमानच जिंकणार हे विधीनेच ठरलेले असे. ज्या शर्यतीचा निकाल आधीच ठरलेला आहे तिथे अंदाजाला जागाच नाही. पटाला लोक जमतात ते निकाल उघडा असतो म्हणून.

पटाच्या मैदानावर चोपडी नसते. आदल्या रात्री जोड्या मुक्कामाला आल्या की जाणती माणसे त्यांच्याभोवती एक फेरी मारतात आणि अंदाज सुरू होतो. बैल दोन दाती की चार दाती, की सहा दाती? उभा राहतो तेव्हा चारही पायांवर सारखा भार देतो का? खूर घट्ट आहेत की फुटीर? कातडी अंगाला चिकटून आहे की सैल? प्रवासाचा शीण रवंथात दिसतो का? त्याहून महत्त्वाची गोष्ट जोडीची. दोन वेगवान बैल म्हणजे वेगवान जोडी नव्हे. एकाचे पाऊल लांब आणि दुसऱ्याचे तोकडे असेल तर जू तिरके होते आणि वेळ तिथेच जातो. धुरकऱ्याचे वजन, त्याचा आवाज बैलांच्या ओळखीचा आहे का, सकाळच्या दवाने धाव ओली आहे की दुपारच्या उन्हात भुसभुशीत झाली आहे, हे सारे हिशेबात येते. मागची आठवण हीच इथली वंशावळ. अमक्या गावच्या गाईचा गोऱ्हा, तमक्या साली कुठल्या पटात कुठल्या जोडीत पळाला, हे कुणीतरी तोंडपाठ सांगतो आणि दुसरा कुणीतरी ते खोडून काढतो.

या विद्येला कायद्याची कौशल्याची कसोटी लावून पाहण्याची वेळच आली नाही. बैलांचा खटला वेगळ्याच प्रश्नावर उभा राहिला. २०११ साली केंद्र सरकारने खेळ-प्रदर्शनासाठी मनाई असलेल्या प्राण्यांच्या यादीत बैलाचा समावेश केला आणि ७ मे २०१४ रोजी नागराज खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जल्लीकट्टू आणि बैलगाड्यांच्या शर्यतींवर बंदी घातली. घोड्याची शरीररचना धावण्याची आहे, बैलाची तशी नाही, असाही एक युक्तिवाद त्यात होता. महाराष्ट्राने २०१७ साली कायद्यात दुरुस्ती केली. पण उच्च न्यायालयाच्या मनाईमुळे पट थांबलेलेच राहिले. १६ डिसेंबर २०२१ रोजी अंतरिम परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने राज्यांच्या दुरुस्त्या वैध ठरवल्या. आता जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते आणि बैलांना मारण्या-टोचण्यास मनाई आहे.

बंदीची ही साडेसात वर्षे दोन्ही बाजूंनी मोजायला हवीत. तुतारीची आर बैलाच्या पाठीत रुतत होती, शेपट्या पिरगाळल्या जात होत्या, आणि न्यायालयाने ते पाहिले हे योग्यच झाले. मनूने 'समाह्वया'ची व्याख्या प्राण्यावरून केली खरी. पण प्राण्याला काय वाटते हे विचारले नाही. १८६७ च्या, १८८७ च्या कायद्यांनीही जुगाराच्या संदर्भात विचारले ते माणसाबद्दलच. १९९६ चा मुख्य प्रश्नही पैज लावणाऱ्याच्या बुद्धीचाच होता. जुगाराच्या या साऱ्या इतिहासाने ज्याला गृहीत धरले त्या प्राण्याची बाजू २०१४ साली निकालाच्या मध्यभागी आली. दुसरीकडे, बैलाची ऐन उमेदीची वर्षे साडेसातांहून कमीच असतात. बैलांची एक अख्खी पिढी मैदान न पाहता गेली. ट्रॅक्टरने नांगरट आधीच घेतली होती. जो बैल ओझ्याला नको आणि धावेलाही नको, तो गोठ्यात कशासाठी ठेवायचा, हा प्रश्न कोरडवाहू शेतकऱ्यापुढे उभा राहिला. महालक्ष्मीवर एखादा हंगाम चुकला तरी चोपड्यांचे गठ्ठे शाबूत राहतात. जी विद्या केवळ आठवणीत आहे तिला हंगाम चुकवणे परवडत नाही.

म्हणून पटाच्या जाणत्या माणसाकडे केवळ पैज लावणारा म्हणून पाहणे अपुरे आहे. डाव्या बैलाने मागचा उजवा पाय किंचित अलगद टेकला, हे त्याला इतरांच्या आधी दिसते. या दिसण्याचे दोन उपयोग आहेत. त्या जोडीच्या विरुद्ध पैसे लावता येतात. किंवा धुरकऱ्याला बाजूला घेऊन, आज हिला सोड, असे सांगता येते. विद्या एकच, तिचे पर्यवसान दोन. मैदानावर पशुवैद्य आणि पोलीस असले तरी बैलाच्या वेदनेची सर्वांत बारीक ओळख ज्याला आहे तो हाच माणूस. पटाला पुन्हा मिळालेली परवानगी टिकेल की नाही, हे बऱ्याच अंशी तो आपल्या विद्येचा कोणता उपयोग करतो यावर ठरणार आहे.