मॉस्कोतून आलेली तरक्की

‘तरक्की’ हा शब्द औरंगाबादेला नवा नाही. मौलवी अब्दुल हक यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात अंजुमन तरक्की-ए-उर्दूचे कार्यालय याच शहरात आणले. त्याच शब्दाची दुसरी मोहोर आपल्याकडे आली ती मॉस्कोहून. मुखपृष्ठ उलटले की उर्दूत ‘दारुल इशाअत तरक्की’, मराठीत ‘प्रगती प्रकाशन, मॉस्को’. संस्था एकच, आणि तीही सरकारी.

परदेशी वाचकांसाठी पुस्तके काढणारी ही संस्था १९३१ साली सुरू झाली. १९३९ मध्ये ती ‘विदेशी भाषा प्रकाशनगृह’ झाली, १९६३ मध्ये ‘प्रगती’. मार्क्स, लेनिन, पक्षाचे अहवाल हा तिचा मुख्य माल. किंमत इतकी कमी की विद्यार्थ्यालाही परवडावी. उरलेला खर्च सोव्हिएत सरकार सोसत असे. महाराष्ट्रात ही पुस्तके लोकवाङ्मय गृहामार्फत मिळत. हा प्रचार होता, यात शंका नाही. पण भाषांतराला बसलेली माणसे आपली होती. हिंदीसाठी भीष्म साहनी, मराठीसाठी अनिल हवालदार, उर्दूसाठी ज़ोए अन्सारी. अन्सारींनी चेखव, पुश्किन, दोस्तोएव्स्की उर्दूत आणले. लेनिनच्या खंडांवर धूळ बसली, चेखव मात्र हातोहात फिरला. सरकारला जे विकायचे होते तेच लोकांनी घेतले असे नाही.

मला खटकते ते वेगळेच. १९८२ मध्ये ललित साहित्यासाठी ‘रादुगा’ वेगळी झाली आणि तिची उर्दू पुस्तके ताश्कंदहूनही निघू लागली. म्हणजे आपल्यासाठी अरबी वळणाची लिपी ताश्कंदला छापली जात होती. त्याच ताश्कंदमध्ये उझबेक मुसलमानांची अरबी लिपी १९२०च्या दशकाअखेरीस काढून घेऊन लॅटिन दिली गेली, आणि १९४० मध्ये तीही बदलून रशियन वळणाची. मशिदी आणि मदरसे बंद पडले ते याच काळात. आजोबांची वही नातवाला वाचता येईना. आम्ही मात्र इथे त्या शहराचा शिक्का पाहून, ‘बघा, सोव्हिएत राज्यात उर्दूची केवढी कदर!’ म्हणत होतो. डिसेंबर १९७९ मध्ये सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्यावर आपल्यातल्या अनेकांची ही मोहिनी सैल झाली. लिपीचा प्रश्न तेव्हाही फारसा कुणी काढला नाही.

१९९१ मध्ये सोव्हिएत संघ संपला आणि स्वस्त पुस्तकांचा ओघ आटला. १९९३ मध्ये उझबेकिस्तानने पुन्हा लॅटिन लिपी स्वीकारण्याचा कायदा केला.