परदेशात असताना पासपोर्टची मुदत संपत आली तर : कोल्हापूरच्या मुलामुलींसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी माहिती

राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीवर दरवर्षी अनुसूचित जाती आणि नवबौद्ध समाजातील 75 विद्यार्थी परदेशात जातात. आखाती देशांत वायरमन, वेल्डर, चालक, नर्स म्हणून जाणारे आपले तरुण वेगळेच. या बहुतेकांच्या घरातून परदेशी जाणारी ही पहिलीच पिढी आहे. ज्यांच्या घरात काका-मामा आधीच लंडन-न्यूजर्सीला आहेत, त्यांना एका फोनवर सगळी माहिती मिळते. आपल्या मुलाला मात्र ती एजंटाकडून विकत घ्यावी लागते किंवा नुकसान सोसून शिकावी लागते. गडमुडशिंगी, उजळाईवाडी, गांधीनगर भागात समाजकार्य करताना याबाबत जे प्रश्न वारंवार येतात, त्यांची उत्तरे इथे एकत्र दिली आहेत.

'नूतनीकरण' म्हणजे नवा पासपोर्ट

प्रौढ व्यक्तीचा भारतीय पासपोर्ट 10 वर्षे चालतो. लहान मुलांचा 5 वर्षे किंवा वयाची 18 वर्षे पूर्ण होईपर्यंत, यांपैकी जे आधी येईल तोपर्यंत चालतो. मुदत संपत आली की जुन्या पुस्तिकेवर शिक्का मारून तारीख वाढवून मिळत नाही. 'री-इश्यू' म्हणजे फेरजारी होते. पुस्तिका नवी, क्रमांकही नवा. जुना पासपोर्ट रद्दचा शिक्का मारून परत देतात. त्यात चालू व्हिसा असेल तर तो व्हिसा साधारणपणे रद्द होत नाही. प्रवासात जुना आणि नवा, दोन्ही पासपोर्ट सोबत ठेवायचे. त्यामुळे जुना पासपोर्ट कधीही फेकू नये.

आता चिप असलेले ई-पासपोर्ट मिळू लागले आहेत. हातातला साधा पासपोर्ट त्यावरील तारखेपर्यंत चालतो, केवळ चिप नाही म्हणून तो बदलण्याची गरज नाही.

अर्ज कधी करावा

मुदत संपण्याच्या साधारण एक वर्ष आधीपासून अर्ज करता येतो आणि तेव्हाच करावा. शेवटचा महिना उजाडेपर्यंत थांबण्यात तीन धोके आहेत.

पहिला, अनेक देश पासपोर्टची किमान सहा महिने मुदत शिल्लक नसेल तर प्रवेश देत नाहीत, विमान कंपनीही बसू देत नाही. घरी कोणी गेले आणि तातडीने गावी यायचे ठरले, तर याच मुद्द्यावर अडचण होते.

दुसरा, राहण्याचा परवाना पासपोर्टला बांधलेला असतो. अमेरिकेत नोकरीच्या व्हिसावर प्रवेश करताना पासपोर्टची मुदत कमी असेल, तर तिथे राहण्याची मुदतही त्याच तारखेपर्यंत कापली जाऊ शकते. व्हिसावर पुढची तारीख आहे म्हणून माणूस निश्चिंत राहतो आणि नकळत बेकायदा ठरतो. सौदी अरेबियात इकाम्याची कामेही पासपोर्टची मुदत संपली की अडतात.

तिसरा, पोलीस पडताळणी. दूतावासाला गरज वाटली तर ती तुमच्या भारतातील पत्त्यावर होते आणि त्यात वेळ जातो. दरम्यान कधी कधी कमी मुदतीचा पासपोर्ट हाती पडतो आणि पुन्हा अर्ज करावा लागतो.

अर्ज कुठे आणि कसा

परदेशात पासपोर्ट देण्याचा अधिकार भारतीय दूतावास आणि वाणिज्य दूतावासांना आहे. आपण राहतो तो भाग ज्या कार्यालयाच्या हद्दीत येतो, तिथेच अर्ज करायचा. अमेरिकेत राज्यांनुसार ही हद्द ठरलेली आहे. चुकीच्या कार्यालयात पाठवलेला अर्ज परत येतो.

परराष्ट्र मंत्रालयाच्या परदेशातील भारतीयांसाठीच्या पासपोर्ट सेवा संकेतस्थळावर खाते उघडून अर्ज भरायचा आणि छापून सही करायची. पुढे तो बऱ्याच देशांत दूतावासाने नेमलेल्या खासगी सेवा कंपनीच्या केंद्रात द्यावा लागतो. ही कंपनी कागद गोळा करते, पासपोर्ट देण्या-नाकारण्याचा निर्णय तिचा नसतो. 'अमुक जादा सेवा घेतली तर काम लवकर होईल' असे काउंटरवर सांगितले, तर ती सेवा सक्तीची आहे का हे दूतावासाच्या संकेतस्थळावर पाहूनच पैसे द्यावेत. शुल्क त्या त्या देशाच्या चलनात असते. भारतात 36 पानी पासपोर्टला 1500 रुपये लागतात, म्हणून तिथेही तेवढेच असे धरून चालू नये.

साधारणपणे मूळ पासपोर्ट आणि त्याच्या पहिल्या-शेवटच्या पानांच्या प्रती, तिथे कायदेशीर राहत असल्याचा पुरावा (व्हिसा, इकामा, निवासपत्र), तिथल्या पत्त्याचा पुरावा आणि पांढऱ्या पार्श्वभूमीचे ठरलेल्या मापाचे फोटो लागतात. मागितलेले कागद देशानुसार थोडे बदलतात.

नवा पासपोर्ट हातात आला की काम संपले असे नाही. नवा क्रमांक तिथल्या सरकारच्या नोंदीत चढवावा लागतो. सौदीत त्याला 'नक्ल मालुमात' म्हणतात. ब्रिटनमध्ये आता निवासाची नोंद ई-व्हिसा म्हणून ऑनलाइन असते, त्या खात्यात नवा पासपोर्ट जोडला नाही तर विमानतळावर अडवणूक होऊ शकते. बँक, विद्यापीठ आणि शिष्यवृत्ती देणाऱ्या कार्यालयालाही कळवावे.

गावाकडे घरच्यांनी काय करावे

कोल्हापूर जिल्हा पुणे प्रादेशिक पासपोर्ट कार्यालयाच्या अखत्यारीत येतो. दूतावास तुमच्या जुन्या पासपोर्टची खातरजमा तिथून करून घेतो. पडताळणी लागली तर चौकशी स्थानिक पोलीस ठाण्याकडे येते, आणि पोलीस घरी आले की आई-वडील घाबरतात. पोरगा तिकडे काय करून बसला, अशी गल्लीत कुजबुज सुरू होते. म्हणून अर्ज करतानाच घरी फोन करून सांगावे : पोलीस येतील, ही नेहमीची चौकशी आहे, आधार कार्ड, रेशन कार्ड आणि जुन्या पासपोर्टची प्रत दाखवा. घर बदलले असेल आणि शेजारी 'इथे कोणी राहत नाही' म्हणाले, तर अहवाल प्रतिकूल जातो. त्यामुळे अर्जात आजचा, खरा पत्ता लिहावा.

नावातला फरक

आपल्या समाजात हा प्रश्न जास्त येतो. कुणाच्या शाळेच्या दाखल्यावर जुने आडनाव असते आणि नंतर राजपत्रात प्रसिद्ध करून नवे घेतलेले असते. कुणाच्या जातीच्या दाखल्यावर वडिलांचे नाव एका स्पेलिंगने, पासपोर्टवर दुसऱ्याने. पासपोर्टवर जात किंवा धर्म लिहिलेला नसतो, पण शिष्यवृत्ती आणि जात वैधता प्रमाणपत्र त्याच नावाशी जुळावे लागते. फेरजारीच्या वेळी सहज म्हणून आडनाव किंवा स्पेलिंग बदलले, तर पदवी, व्हिसा आणि वैधता प्रमाणपत्र यांची साखळी तुटते. नाव बदलायचेच असेल तर राजपत्राची प्रत जपून ठेवावी आणि शिक्षण किंवा नोकरीचा टप्पा पूर्ण झाल्यावर सर्व कागदांवर एकदमच बदल करावा.

डिसेंबर 2016 मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने नियम बरेच सोपे केले. अर्जात आई किंवा वडील यांपैकी एकाचेच नाव दिले तरी चालते. घटस्फोटितेला माजी पतीचे नाव देण्याची सक्ती नाही. लग्नानंतर नाव बदललेच पाहिजे असेही नाही. नवऱ्याने टाकलेल्या किंवा एकट्याने मूल वाढवणाऱ्या आपल्या भगिनींनी हे लक्षात ठेवावे. साधू-संन्याशांना आई-वडिलांऐवजी गुरूंचे नाव देण्याची सोयही तेव्हाच झाली, मात्र मतदार ओळखपत्र, पॅन किंवा आधार यांपैकी एखाद्या कागदावर पालकांच्या रकान्यात गुरूंचे नाव असावे लागते. थायलंड, श्रीलंकेत अध्ययनासाठी जाणाऱ्या भिक्खूंनी चीवर घेतल्यावरचे नाव आणि पासपोर्टवरचे नाव यांचा मेळ निघण्यापूर्वीच घालावा.

दहावी न झालेल्या कामगारांसाठी

1983 च्या उत्प्रवास कायद्याखाली काही पासपोर्टवर 'ईसीआर' असा शेरा असतो. असा पासपोर्ट असलेल्या कामगाराला सौदी, कुवेत, कतार, ओमान, अमिरात, मलेशिया अशा 18 देशांत नोकरीसाठी जाताना सरकारी परवानगी लागते. दहावी उत्तीर्ण झालेल्यांना ती लागत नाही. पण बऱ्याच कामगारांना पुढची गोष्ट माहीत नसते : परदेशात एकूण तीन वर्षांहून जास्त राहिलेला कामगारही या अटीतून सुटतो. फेरजारीचा अर्ज करताना त्याचा पुरावा जोडून हा शेरा काढून घेता येतो. अर्ज भरणाऱ्या एजंटाने विचारले नाही, तर तुम्ही सांगा.

पासपोर्ट मालकाकडे असेल तर

1967 च्या पासपोर्ट कायद्याचे कलम 17 सांगते की पासपोर्ट ही कायम केंद्र सरकारची मालमत्ता आहे. म्हणजे कफील, मुकादम किंवा कंपनी यांना तो अडकवून ठेवण्याचा हक्क नाही. सौदी आणि अमिरातीतही मालकाने पासपोर्ट ठेवून घेण्यास मनाई आहे, कतारने 2015 च्या कायद्यात त्यासाठी दंड ठेवला आहे. तरीही हे सर्रास चालते, आणि मुदत संपल्याचे कामगाराला उशिरा कळते.

अशा वेळी 'पासपोर्ट हरवला' अशी खोटी तक्रार देऊ नये, ती अंगलट येते. खरी परिस्थिती दूतावासाला लेखी कळवावी. परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' संकेतस्थळावर गावाकडच्या नातेवाइकांनाही तक्रार नोंदवता येते. दुबई, रियाध, जेद्दा आणि क्वालालंपूर इथे प्रवासी भारतीय साहाय्यता केंद्रे आहेत. अडकलेल्या, निराधार भारतीयांसाठी 2009 पासून दूतावासांकडे भारतीय समुदाय कल्याण निधी आहे. परत यायचे आहे पण पासपोर्टच नाही, अशांना फक्त भारतात येण्यापुरते आपत्कालीन प्रमाणपत्र मिळते. पासपोर्ट खरोखर हरवला असेल तर आधी तिथल्या पोलिसांत नोंद, मग दूतावासात अर्ज.

आंदोलनातील जुने गुन्हे

अर्जात फौजदारी प्रकरणांबद्दल प्रश्न असतात. जानेवारी 2018 च्या महाराष्ट्र बंदनंतर राज्यभर आपल्या तरुणांवर गुन्हे दाखल झाले, त्यातले अनेक आता शिकायला किंवा कामाला बाहेर आहेत. कायद्याच्या कलम 6 प्रमाणे भारतातील फौजदारी न्यायालयात प्रकरण प्रलंबित असेल तर पासपोर्ट नाकारता येतो. मात्र 25 ऑगस्ट 1993 च्या अधिसूचनेने न्यायालयाची परवानगी आणल्यास पासपोर्ट देण्याची वाट ठेवली आहे. न्यायालय जितकी मुदत सांगेल तितक्या मुदतीचा पासपोर्ट मिळतो, आणि मुदत सांगितली नसेल तर एक वर्षाचा. ही परवानगी गावाकडच्या वकिलामार्फत घेता येते, म्हणून तारीख जवळ येण्याआधीच हालचाल करावी.

सरकारने गुन्हा मागे घेतला असे ऐकून गाफील राहू नये. खटला मागे घ्यायला न्यायालयाची संमती लागते, त्या आदेशाची नक्कल घरच्यांनी काढून ठेवावी. आणि काहीही लपवू नये. माहिती दडवणे हा कलम 12 खाली गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. निषेध मोर्चात असणे ही लपवण्यासारखी गोष्टही नाही.

नकार मिळाला तर

'तुमचे होणार नाही' असे काउंटरवरच्या माणसाने तोंडी सांगणे म्हणजे कायदेशीर नकार नव्हे. कलम 5 प्रमाणे नकाराची कारणे लेखी नोंदवावी लागतात आणि मागितल्यावर त्याची प्रत द्यावी लागते. अपवाद फक्त देशाची सुरक्षा, परराष्ट्र संबंध किंवा सार्वजनिक हित यांसारख्या कारणांचा. कलम 11 खाली अपील करता येते. 1977 मध्ये मनेका गांधी यांचा पासपोर्ट कारण न देता जप्त झाला. 25 जानेवारी 1978 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की परदेशी जाण्याचा हक्क अनुच्छेद 21 मधील व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे आणि तो काढून घेण्याची पद्धत न्याय्य, वाजवी असली पाहिजे. त्या संविधानाने आपल्याला अर्ज करण्याबरोबर कारण विचारण्याचाही हक्क दिला आहे. तो वापरावा.

थोडक्यात

- आजच पासपोर्ट उघडून शेवटची तारीख पाहा. एक वर्षाहून कमी उरले असेल तर कामाला लागा.
- पासपोर्ट, व्हिसा, जन्मदाखला, शाळेचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र यांच्या प्रती स्वतःकडे, ई-मेलवर आणि गावात घरी अशा तीन ठिकाणी ठेवा.
- मूल परदेशात जन्मले असेल तर एक वर्षाच्या आत दूतावासात जन्मनोंद करा आणि त्याचा पासपोर्ट काढा. त्याची मुदत तुमच्या आधी संपेल हे विसरू नका.
- एजंटाला मूळ पासपोर्ट देऊन मोकळे होऊ नका. अर्जाचा क्रमांक आणि पासवर्ड स्वतःजवळ ठेवा.
- गावच्या बुद्धविहारात परदेशी असलेल्यांची यादी आणि त्यांच्या पासपोर्टच्या तारखा, त्यांच्या संमतीने, एका वहीत लिहून ठेवता येतील. एकाला आलेली अडचण दुसऱ्याला वेळेत कळेल.

1920 च्या माणगाव परिषदेनंतर काही महिन्यांतच डॉ. बाबासाहेब आंबेडकर अपुरे राहिलेले शिक्षण पूर्ण करण्यासाठी लंडनला गेले आणि राजर्षी शाहू महाराजांनी त्यांना मदतीचा हात दिला. त्या कोल्हापूर जिल्ह्यातून आज आपली मुले बाहेर पडत आहेत. एका तारखेकडे दुर्लक्ष झाले म्हणून त्यांतल्या कुणाचे शिक्षण किंवा काम थांबू नये. ही माहिती परदेशी असलेल्या आपल्या माणसांपर्यंत पोहोचवा.

जय भीम. नमो बुद्धाय.