घेल येथील परगृहवास : मनोरुग्णांच्या सांभाळाची एक जुनी व्यवस्था

बेल्जियमच्या अँटवर्प प्रांतात केम्पेन नावाचा रेताड, निकस जमिनीचा प्रदेश आहे. त्यातील घेल या गावी गेली पाचशेहून अधिक वर्षे मनोरुग्ण परक्या कुटुंबांत राहत आले आहेत. मनोरुग्णांच्या शुश्रूषेचा इतिहास लिहिणारा ग्रंथकार घेलचा उल्लेख क्वचितच टाळतो, आणि तो उल्लेख बहुधा एका ठराविक सुरात होतो. शास्त्राला दगडी भिंती उभारूनही जे साधले नाही ते साध्याभोळ्या शेतकऱ्यांनी मायेने साधले, असा तो सूर आहे. प्रस्तुत लेखकास तो अपुरा वाटतो. घेलकरांच्या मायेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु माया पुष्कळ गावी होती, व्यवस्था मात्र घेलातच टिकली. ती कशाच्या आधारावर टिकली, हे पाहणे अगत्याचे आहे. मनोरुग्णास समाजात राहण्याचा हक्क आहे, असे आपल्याकडील २०१७ च्या कायद्याने म्हटल्यापासून हा प्रश्न केवळ इतिहासाभ्यासकांचा राहिलेला नाही.

घेलच्या वृत्तान्ताचा आरंभ आख्यायिकेत आहे. डिम्फ्ना ही आयर्लंडमधील एका मूर्तिपूजक राजाची ख्रिस्ती कन्या. राणीच्या मृत्यूनंतर भ्रमिष्ट झालेल्या राजाने मुलीशीच विवाह करण्याचा हट्ट धरला. गेरेबेर्नुस नावाच्या धर्मगुरूसह ती समुद्रापार पळाली. राजाने तिला घेल येथे गाठले आणि स्वहस्ते तिचा शिरच्छेद केला. ही घटना सातव्या शतकाच्या सुमाराची मानतात. तिचा लेखी वृत्तान्त मात्र तेराव्या शतकाच्या मध्यास कांब्रे येथील एका धर्माधिकाऱ्याने लिहिलेला आहे. मध्ये सहा शतकांचे अंतर आहे, तेव्हा चरित्र म्हणून या कथेची किंमत अल्पच. लोकमानसाचा पुरावा म्हणून मात्र ती बोलकी आहे. जी पित्याच्या उन्मादास बळी पडली तीच उन्मादग्रस्तांची तारक ठरली.

तिच्या नावाने उभ्या असलेल्या चर्चचे बांधकाम १३४९ मध्ये सुरू झाले. रुग्णाला घेऊन त्याचे आप्त येथे येत. नऊ दिवसांचे अनुष्ठान असे, आणि त्यात संतिणीच्या अस्थिपेटिकेखालून रांगत जाणे हा एक विधी असे. या काळात रुग्णाने राहावे म्हणून चर्चला लागूनच एक रुग्णशाळा बांधण्यात आली. गाणगापूर किंवा नरसोबाची वाडी येथे सेवेस राहिलेल्या माणसांची आठवण मराठी वाचकास येथे झाल्यावाचून राहणार नाही. नऊ दिवसांत गुण आला नाही तर अनुष्ठान पुन्हा करावयाचे; रुग्णशाळेत जागा नसली तर शेजारच्या घरी सोय पाहावयाची. आप्त परत जात, रुग्ण मागे राही. त्याच्या जेवणाखाण्याचा खर्च त्याचे घर किंवा त्याचे गाव देई. परगृहवासाची प्रथा निर्माण झाली ती अशी, कोणी योजून नव्हे तर जागेच्या टंचाईतून. चर्चच्या अधिकाऱ्यांचे तिच्यावर थोडेफार लक्ष असे, एवढीच काय ती देखरेख.

फ्रेंच राज्यक्रांतीनंतर हा प्रदेश फ्रान्सच्या ताब्यात गेला, चर्चचे अधिकार गेले, अनुष्ठाने थांबली. धर्माचा आधार सुटल्यावर प्रथाही मोडली असती, असे कोणासही वाटेल. घडले ते उलटे. १८०३ मध्ये पाँतेकूलाँ या प्रांताधिकाऱ्याने ब्रुसेल्सच्या रुग्णालयातील वेडे लोक सरळ घेलला पाठविले. पाठविण्यामागे श्रद्धा नव्हती. ही सोय रुग्णालयापेक्षा बरी व स्वस्त होती. इतर शहरांनीही तेच केले. म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी घेलात रुग्णांची संख्या वाढत होती आणि त्यांच्यावर नजर ठेवणारे मात्र कोणीच उरले नव्हते.

याचा परिणाम काय झाला हे पाहण्यास एक उत्तम साक्षीदार उपलब्ध आहे. फ्रेंच मनोविकारतज्ज्ञ एस्किरोल १८२१ च्या उन्हाळ्यात आपला शिष्य व्हॉयझाँ याच्यासह घेलला गेला. गावात चारपाचशे रुग्ण मोकळे फिरत असल्याचे त्याने पाहिले; त्याचबरोबर काहींच्या पायांत बेड्या असल्याचे व त्या बेड्यांनी जखमा झाल्याचेही नमूद केले. घेलचे प्रशंसक हा भाग घाईने ओलांडून पुढे जातात. आमच्या मते तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. शेतकरी तेच, घरे तीच, संतिणीवरची श्रद्धाही तीच. तरी बेड्या आल्या. चळ लागलेला माणूस रात्री पळाला तर जबाबदारी यजमानाची, मदतीस वैद्य नाही, परत पाठविण्यास जागा नाही. अशा स्थितीत साधा शेतकरी लोहाराकडे जातो. घर आपोआप मुक्ती देत नाही.

पुढील तीस वर्षे वाद चालला. गेंट येथील वैद्य गिस्लेन हा बेल्जियममधील वेड्यांच्या कायद्याचा एक प्रमुख प्रवर्तक. रुग्णांना शिस्तबद्ध, वैद्यांच्या ताब्यातील रुग्णालयांत आणावे असे त्याचे मत असल्याने घेलविषयी तो प्रतिकूल होता. उलट १८४२ मध्ये घेल पाहून आलेला मोरो द तूर या पद्धतीचा पुरस्कर्ता बनला. १८५० च्या कायद्याने अखेर घेलला अपवाद म्हणून जागा दिली आणि १८५२ मध्ये ते राज्याची वसाहत झाले. येथून पुढची दहा वर्षे या इतिहासाचा खरा गाभा होत.

पारिगो हा पहिला वैद्यकीय अधिकारी. गावाचे विभाग पाडण्यात आले, प्रत्येक विभागास वैद्य आणि घरोघर फिरणारे निरीक्षक नेमण्यात आले. रुग्ण ठेवण्यापूर्वी यजमानाचे घर तपासले जाई. एका घरात साधारणतः दोनहून अधिक रुग्ण नसावेत व ते एकाच लिंगाचे असावेत, असा दंडक पडला. आत्महत्या, हत्या किंवा जाळपोळ यांकडे ओढा असलेल्या रुग्णांस वसाहतीत घ्यावयाचे नाही, असेही ठरले. राहण्याचा मोबदला रुग्णाच्या मूळ गावाकडून येई आणि तो यजमानाला ठराविक नियमाने मिळे. बुल्केन्स या पारिगोच्या उत्तराधिकाऱ्याच्या कारकिर्दीत, १८६२ मध्ये, गावातच लहानसे रुग्णालय उघडले. नव्या रुग्णास प्रथम तेथे ठेवून पारखीत व मगच अनुरूप घर शोधीत. घरात बिघडला तर काही दिवस पुन्हा तेथे आणीत.

हे रुग्णालय ही घेलच्या मूळ कल्पनेत शिरलेली भेसळ होय, असे त्या काळच्या काही भावुक लेखकांस वाटले. वस्तुतः यजमानाला बेडीची गरज उरली नाही ती या रुग्णालयामुळे. एखादी वाईट रात्र आली तर कोणास हाक मारावयाची हे त्यास ठाऊक झाले. चर्चची जुनी रुग्णशाळा जे काम अर्धेमुर्धे करीत होती ते आता पुरते होऊ लागले.

घरातील जीवनाविषयी अधिक विश्वसनीय माहिती विसाव्या शतकातील आहे. १९६६ पासून अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठाच्या लिओ स्रोल यांच्या पुढाकाराने येथे दीर्घ संशोधन झाले आणि त्यातील लुव्हेनचे मानवशास्त्रज्ञ ओइगेन रोसेन्स यांचा ग्रंथ १९७९ मध्ये प्रसिद्ध झाला. गावात रुग्णाला वेडा किंवा रोगी न म्हणता 'कोस्टगँगर', म्हणजे पैसे देऊन घरी जेवणारा-राहणारा, असे म्हणत. शब्द व्यवहाराचा आहे, आणि नेमके त्यामुळेच त्यात प्रतिष्ठा आहे. तो माणूस दयेवर जगत नव्हता. त्याचे येणे देणे ठरलेले होते. शेतात, गोठ्यात, लहान मुले सांभाळण्यात त्याचा हात लागे. यजमानास त्याच्या रोगाचे शास्त्रीय नाव सांगण्याची प्रथा नव्हती. यजमान त्याच्या सवयी ओळखी आणि तेवढे पुरे होई. म्हातारा-म्हातारी वारल्यावर तो मुलाच्या किंवा मुलीच्या घरी जाई, म्हणजे एका अर्थी वारशाने जाई. कित्येकांनी एकाच घरी चाळीस-पन्नास वर्षे काढली.

या चित्रास मर्यादाही होत्या. कोस्टगँगर घरचा होता, तरी बरोबरीचा नव्हता. गावातील मुलीशी त्याचा विवाह होत नसे. गावकरी आणि तो यांच्यात एक रेषा होती व ती दोघांसही ठाऊक होती. शिवाय जुन्या नोंदींतील 'वेडा' या शब्दात आज आपण ज्यांना मतिमंद म्हणतो ते पुष्कळजण समाविष्ट होते, हे विसरून घेलच्या यशाची मोजणी केली तर निष्कर्ष चुकतील. आणखी एक उणीव साधनांतच आहे. एस्किरोलपासून पुढे ज्यांनी लिहिले ते बहुतेक वैद्य, निरीक्षक किंवा प्रवासी. प्रशंसक काय आणि निंदक काय, दोघेही दोन दिवसांचे पाहुणे. जो पन्नास वर्षे राहिला त्याचे स्वतःचे म्हणणे कागदावर फारच थोडे उतरले.

१८८४ मध्ये फ्रेंचभाषी रुग्णांसाठी लिएर्नो येथे, व १८९२ मध्ये पॅरिसच्या रुग्णालयांतील स्त्रियांसाठी द्यां-स्युर-ओरों येथे अशाच वसाहती स्थापन झाल्या. स्कॉटलंडमध्ये १८५७ च्या कायद्यानंतर शेतकऱ्यांच्या घरी रुग्ण ठेवण्याची पद्धत स्वतंत्रपणे रूढ झाली. म्हणजे संतिणीवाचूनही हे जमत होते.

याउलट देवस्थान असूनही ते कसे मोडते, याचे उदाहरण जपानात आहे. क्योतोजवळील इवाकुरा गावी दाइउन्-जी हे मंदिर आहे. अकराव्या शतकातील एक राजकन्या तेथील पाण्याने बरी झाली, अशी कथा सांगतात. रुग्ण तेथे येत, धबधब्याखाली बसत, आणि चहागृहांत किंवा शेतकऱ्यांच्या घरी मुक्काम करीत. घेलच्या आरंभकाळाशी हे साम्य विलक्षण आहे, आणि एका युरोपीय वैद्याने १९०६ मध्ये भेट दिल्यावर 'जपानचे घेल' ही ओळखही गावास चिकटली. १८७५ मध्ये क्योतोला सरकारी मनोरुग्णालय निघाले तेव्हा इवाकुराच्या गृहवासास बंदी झाली; १८८२ मध्ये ते बंद पडताच रुग्ण पुन्हा गावात आले. ही परंपरा महायुद्धाच्या काळात खंडित झाली, आणि १९५० च्या कायद्याने रुग्णाची जागा रुग्णालयातच, असे ठरविल्यावर ती पुन्हा उभी राहिली नाही. राज्याने घेलात जुन्या प्रथेला रुग्णालयाची जोड दिली. इवाकुरात रुग्णालय प्रथेच्या जागी बसविले.

तिसरे उदाहरण आपल्याच देशातील आहे, आणि ते लिहिताना लेखणी जड होते. तमिळनाडूतील एरवाडी येथे एका सूफी संताचा दर्गा आहे. सर्व धर्मांचे लोक आपल्या घरच्या मनोरुग्णास घेऊन तेथे जातात, कौल मिळेपर्यंत राहतात. दर्ग्यात जागा पुरेना, म्हणून भोवती खाजगी निवासस्थाने निघाली. आप्त पैसे देऊन परतत, रुग्ण मागे राही. येथपर्यंत हा घेलचाच इतिहास आहे, शब्दशः. ६ ऑगस्ट २००१ च्या पहाटे अशा एका निवासाच्या झापांच्या छपराला आग लागली, आणि साखळदंडांनी बांधलेले २८ जण त्यात मृत्यू पावले. तेथे एका छपराखाली चाळीसहून अधिक माणसे होती. कोणी तपासणारा नव्हता, जवळ वैद्य नव्हता, बिघडलेल्यास हलविण्यास जागा नव्हती. १८२१ च्या घेलातील बेडी आणि एरवाडीची साखळी एकाच कारणाने आली होती. श्रद्धेला दोष देऊन हे प्रकरण मिटत नाही, कारण तीच श्रद्धा घेलातही होती.

भारतात मनोरुग्णाच्या गृहवासाचा विचार झाला तो मुख्यतः त्याच्या स्वतःच्या कुटुंबाच्या आधाराने. अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी १९५० नंतरच्या दशकात रुग्णांच्या नातलगांना आवारात तंबू ठोकून राहावयास लावले. वेल्लोर येथेही १९५७ पासून कुटुंबासह उपचाराची पद्धत सुरू झाली. हे प्रयोग मोलाचे होते. नातलग जवळ राहिले, रोग त्यांना समजला, रुग्ण लवकर घरी गेला. परंतु ज्याचे घरच मिटले आहे त्याचे काय? ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथील मनोरुग्णालयांत वर्षानुवर्षे अशी माणसे राहत आली आहेत, ज्यांना उपचारासाठी तेथे असण्याची गरज उरलेली नाही. भाऊ वारले, घर विकले गेले, किंवा पत्रास उत्तर येत नाही. आपण भारतीय कुटुंबसंस्थेच्या गौरवाने घेलची स्तुती वाचतो आणि एक गोष्ट नजरेआड करतो. घेलातील यजमान रक्ताचे नव्हते. रक्ताच्यांनी आणून सोडल्यावर जे उरले त्यांचा तो आसरा होता.

घेल आज ओसरत आहे. १९३८ मध्ये तेथे सुमारे ३,७०० रुग्ण घरोघर राहत होते. एकविसाव्या शतकाच्या आरंभी ही संख्या पाचशेच्या आसपास आली आणि पुढे आणखी घटली. शेती यंत्राची झाली, घरातील स्त्री बाहेर नोकरीस गेली, नवी औषधे आली. दिवसभर घरी कोणी असणे, या एका गोष्टीवर सारी व्यवस्था उभी होती. २०२३ मध्ये युनेस्कोने तिची नोंद जतनाच्या अनुकरणीय पद्धतींच्या यादीत केली, हा सन्मान उचितच आहे. तो यजमानांची नवी पिढी आणू शकेल की नाही, हा भाग वेगळा.

आपल्याकडील २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचे १९ वे कलम या संदर्भात पुन्हा वाचण्यासारखे आहे. कुटुंब नाही, कुटुंब स्वीकारीत नाही, किंवा राहण्यास घर नाही, एवढ्याच कारणाने कोणासही मनोरुग्णालयात ठेवता येणार नाही, असे ते सांगते. आणि ज्यांना तेथे राहण्याची गरज नाही त्यांच्यासाठी अर्धमार्गगृहे, गटगृहे यांसारखी सोय वाजवी मुदतीत करण्याचे उत्तरदायित्व शासनावर टाकते. हे शब्द प्रत्यक्षात आणण्याचा एक प्रयत्न चेन्नईच्या 'द बनयान' या १९९३ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेने चालविला आहे. सर्वसामान्य वस्तीत घर भाड्याने घ्यावयाचे, त्यात दीर्घकाळ संस्थेत राहिलेल्या चारपाच जणींनी एकत्र राहावयाचे, सोबतीस पगारी साहाय्यक, आणि मागे वैद्यकीय पथक. येथे शेत नाही, गोठा नाही, यजमान कुटुंबही नाही. घरात मोजकीच माणसे, नियमित मोबदला, फिरती देखरेख आणि हाकेच्या अंतरावर उपचार, या घेलने १८५० ते १८६२ या काळात जमविलेल्या चार गोष्टी मात्र आहेत. घर भाड्याने मिळविताना मालकास काय सांगावयाचे आणि शेजाऱ्यांस काय, हा प्रश्न घेलास कधी पडला नव्हता; येथे तो प्रत्येक नव्या घरागणिक पडतो.